दर किलोमीटरला दहा रुपये

पनवेल ते पणजी पळत जायचं असं मनात आलं तेव्हा सगळ्यात आधी मला माझा फोटो दिसला. मागे मांडवी, छातीवर नंबर, केस वाऱ्यावर. (केस जाऊन बरीच वर्षं झाली, पण फोटोत होते.) कुणासाठी पळायचं हा तपशील मागाहून ठरला. पैसे नेऱ्याच्या शांतिवनाला द्यायचे. कुष्ठरोग्यांसाठी इतकं काम आपल्या दाराशी चालतं आणि आपण त्या रस्त्यानं फक्त पावसाळ्यात भजी खायला जातो, हे मला खरोखरच खुपत होतं. पण फोटो आधी दिसला, हे खरं.

मग सोसायटीत वही फिरवली. दर किलोमीटरला दहा रुपये. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"शांतिवन नेऱ्याला ना? मग तुम्ही गोव्याकडे कशाला चाललात? नेऱ्याला रिक्षा जाते."

"काका, पळण्यानं लोकांना प्रेरणा मिळते."

"मला नाही मिळाली," असं म्हणून त्यांनी पाचशेची नोट काढली. "हे घ्या. न पळण्याचे. तुमच्या गुडघ्यांकडे बघवत नाही."

समोरच्या वहिनींनी तर न पळण्याचा दर दुप्पट लावला. वही बघता बघता भरली, पण माझ्या पायांवर कुणी एक रुपया लावायला तयार नव्हतं. शेवटी मी नवी योजना मांडली, किलोमीटर सोडा, खड्ड्याला एक रुपया द्या. त्यावर सोसायटीत शांतता पसरली. पळस्पे ते इंदापूर हा चौऱ्याऐंशी किलोमीटरचा तुकडा रुंद करायला 2011 मध्ये घेतला, तेव्हा बालवाडीत असलेली पोरं आज मतदान करतात. त्या रस्त्यावर खड्ड्यागणिक रुपया द्यायचा तर काकांना फ्लॅट विकावा लागला असता.

खरा त्रास मिलिंद सोमणचा आहे. 1995 साली अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'मध्ये तो पेटीतून बाहेर आला, तेव्हापासून आमच्या पिढीतल्या नवऱ्यांचं घरात काही खरं नाही. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण 2012 मध्ये गडी दिल्लीहून मुंबईपर्यंत पंधराशे किलोमीटर तीस दिवसांत पळत आला, आणि 2016 मध्ये अहमदाबाद ते मुंबई अनवाणी. मी बुटांच्या दुकानात टाचेखाली जेल असलेला जोड शोधत होतो तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "अहो, तो तर चपलासुद्धा घालत नाही."

बुटांवरून आठवलं, कॅनडाचा टेरी फॉक्स. कर्करोगानं उजवा पाय गेलेला हा पोरगा 1980 मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. देशातल्या प्रत्येकानं एक डॉलर द्यावा, एवढंच त्याचं मागणं होतं. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर पळाला. मग कर्करोग फुप्फुसात पोचला आणि थांबावं लागलं. पुढच्या वर्षी तो गेला. हे वाचल्यावर मी जेलचा विषय काढला नाही.

आपल्याकडे बाबा आमटे. 1985 च्या डिसेंबरात त्यांचं 'भारत जोडो' कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघालं. तरुण पोरंपोरी सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे, कारण मणक्यानं बसणंच बंद केलेलं. आडवं राहून देश पार करता येतो हे कळल्यावर मला क्षणभर फार आशा वाटली. आडवं राहण्याचा माझा सराव दांडगा आहे. फक्त त्यामागे मणका नसून दुपारचं जेवण असतं.

असो. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शिरढोण येतं, आणि तिथे पनवेलकर थांबल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. निदान मी तरी नाही. बायको म्हणते, माझ्याबरोबर गोव्याला निघालेला माणूस शिरढोणलाच अडकतो. वासुदेव बळवंत फडके इथले, 4 नोव्हेंबर 1845 चा जन्म. पुण्याला लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झालेलं शरीर, म्हणजे फिटनेसमध्येही पनवेल तालुका पुढेच होता. पुढे सरकारनं त्यांना एडनच्या तुरुंगात टाकलं, तर या माणसानं दार बिजागरीतून उचकटलं आणि पळाला! परक्या वाळवंटात, ना पाण्याचं टेबल, ना केळी वाटणारे स्वयंसेवक. लवकरच पकडला गेला ही गोष्ट वेगळी. आमच्या तालुक्यात लांब पल्ल्याच्या धावण्याचा इतिहास मी तिथून मोजतो. आता गंमत बघा, मिलिंद सोमणचा जन्मही 4 नोव्हेंबरचाच, साल 1965. बरोबर एकशेवीस वर्षांचं अंतर. हे मी भेटेल त्याला सांगतो. लोक घड्याळ बघतात.

पण त्या दोघांच्या आयांची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. फडके पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून होते. आई आजारी पडली, त्यांनी रजा मागितली. साहेबानं दिली नाही. ते घरी पोचले तोवर आई गेली होती. पुढे दुष्काळ, रामोश्यांची फौज, बंड, 1883 मध्ये एडनला मृत्यू, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. सगळं शाळेत शिकलो, परीक्षेत लिहिलं. पण आयुष्यभर ऑफिसात रजेचे अर्ज खरडल्यावर आता मला त्यातला तो एक नाकारलेला अर्जच दिसतो. कुठल्या तरी टेबलावर, पेपरवेटखाली. आणि दुसरीकडे 2016 मध्ये उषाताई सोमण. सत्तरी ओलांडलेली बाई, साडीत, अनवाणी, हायवेवर उतरते आणि मुलाच्या बाजूनं पळायला लागते. तो व्हिडिओ मी आईला दाखवला.

तिनं तो दोनदा बघितला. "साडी चांगली खोचलीय," म्हणाली. मग माझी वही मागितली.

"हे सगळे तुला न पळण्याचे पैसे देतायत?"

"हो."

"लाज नाही वाटत? शिरढोणपर्यंत तरी जा. मी येते बरोबर. फडक्यांचं स्मारक बघायचं राहिलंय माझं."

बातमी जिन्यात पोचायला दहा मिनिटं लागली. काका स्वतः वर आले, पेन घेऊन. आजींच्या नावापुढे त्यांनी दर किलोमीटरला शंभर रुपये लिहिले. वहिनींनी दीडशे. मग काकांनी माझ्या नावापुढचे दहा खोडून पाच केले. आजींच्या वेगानं चालायचं तर त्यात कसले कष्ट, असा त्यांचा हिशेब.

आईनं चष्मा लावून सगळी नोंद तपासली आणि काकांना बजावलं, "याच्यासाठी मला मधे मधे थांबायला लागलं, तर तेवढे माझे कापायचे नाहीत हं."