बहात्तर टक्क्यांचा पाय

हँडबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन तीन पावलं टाकता येतात आणि तीन सेकंद तो धरून ठेवता येतो. तेवढ्यात काय ते ठरवायचं. मी गेल्या वर्षी डिसेंबरात जे ठरवलं, ते निस्तरायला अकरा महिने लागले.

कॉलेजच्या मेळाव्यात ‘जुने विरुद्ध नवे’ असा सामना ठेवला होता. माझं वय ४६, म्हणजे जुन्यांतही मी मधल्या फळीतला. साताऱ्याची थंडी, मैदानावर ताजी फक्की मारलेली. वॉर्म-अप म्हणून आम्ही ग्रुप फोटो काढला. तीन मोबाइलवर काढल्यामुळे पोट तीनदा आत घ्यावं लागलं, आणि एवढा व्यायाम पुरे असं सर्वानुमते ठरलं. नॉर्वेत १५ ते १७ वर्षांच्या १,८३७ हँडबॉल खेळाडूंना घेऊन एक मोठा अभ्यास झाला होता, २००५ साली तो छापून आला. पंधरा-वीस मिनिटांचा नीट आखलेला वॉर्म-अप करणाऱ्यांमध्ये गुडघ्या-घोट्याच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. हे मी पलंगावर पडून वाचलं. पडल्यावरच वाचलं.

पाचव्या मिनिटाला चेंडू माझ्याकडे आला. समोर आडवा आलेला बचावपटू मी कॉलेज सोडलं तेव्हा जन्मलेलाही नव्हता. त्याला हुलकावणी देऊन मी सहा मीटरच्या रेषेवरून उडालो. हवेत होतो तोवर मी वीस वर्षांचा होतो. खाली येताना डावा पाय आधी टेकला, तोही एकटाच. गुडघ्यातून बोट मोडल्यासारखा आवाज आला आणि मी फक्कीत लोळलो. लोळता लोळता पंचाकडे फाउल मागितला. पंच म्हणाले, ‘‘तुमच्या जवळपाससुद्धा कोणी नव्हतं हो!’’

या खेळात गुडघ्याचं लिगामेंट बहुतेक वेळा असंच जातं, कोणाचा धक्का न लागता. एक तर हुलकावणी देताना, नाही तर एका पायावर उतरताना. मी दोन्ही गोष्टी एका दमात केल्या होत्या.

घरी आई म्हणाली, ‘‘लचक असेल, तेल लावून रगड.’’ संध्याकाळपर्यंत गुडघ्याचा भोपळा झाला, तेव्हा रगडायला जागाच राहिली नाही. एमआरआय झाला. आतली दोरी, जिला डॉक्टर एसीएल म्हणतात, तुटली होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘चालणं, जिना, ऑफिस एवढंच असेल तर ऑपरेशनशिवायही बघता येईल. पुन्हा उड्या मारून, गर्रकन वळून खेळायचंय का?’’ मी ‘हो’ आणि बायको ‘नाही’ एकाच वेळी म्हणालो. फॉर्मवर सही माझी असल्यामुळे मी जिंकलो. मांडीच्या मागच्या बाजूचा टेंडन काढून गुडघ्यात नवी दोरी बसवली.

मग माझं आयुष्य एका फिजिओच्या ताब्यात गेलं. वय सव्वीस-सत्तावीस. पहिल्याच दिवशी तिनं मला ‘काका’ म्हटलं. तो घाव अजून भरलेला नाही.

पहिला व्यायाम म्हणजे गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. एकेकाळी सात मीटरवरून गोलकीपरला लोळवलेला मी, टॉवेलशी कुस्ती! पण मांडी हलेचना. मी कपाळावर आठ्या घालून जोर लावत होतो आणि ती शांतपणे म्हणाली, ‘‘काका, चेहरा नको, मांडी आवळा.’’ गुडघ्याला सूज असली की मेंदू मांडीच्या स्नायूची लाइनच तोडतो म्हणे. आठवड्यानं गुडघ्याची वाटी कशीबशी दाणाभर सरकली. मी घरी पेढे आणले.

चौथ्या महिन्यात सूज गेली, लंगडणं गेलं आणि अक्कलही गेली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरांना मी जंप शॉट ‘फक्त दाखवला’. दुसऱ्या दिवशी भोपळा परत. फिजिओनं तेव्हा समजावलं, की बसवलेली दोरी आधी कमकुवत होते, शरीर तिला हळूहळू आपलंसं करतं, आणि मग ती पक्की होते. ‘‘दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नसतं, काका.’’ २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तिनं तोंडावर फेकला. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवावा, तितका पुन्हा जायबंदी होण्याचा धोका कमी होत जातो. एकेका महिन्याला जवळजवळ निम्म्यानं.

सहाव्या महिन्यात लंगडीची परीक्षा होती. एका पायावर उडी मारायची, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं आणि टेपनं अंतर मोजायचं. उजवा, म्हणजे चांगला पाय, ११० सेंटिमीटर. डावा ७९. भागाकार ७२ टक्के. पास व्हायला निदान ९० हवेत, आणि ही नुसती एकच परीक्षा, ताकदीची वेगळी. शाळेत ७२ टक्के मिळाले असते तर वडिलांनी गल्लीत साखर वाटली असती.

त्या रात्री मला झोप आली नाही. हा भागाकार आहे, हे डोक्यात घोळत होतं. वरचा आकडा वाढत नसेल तर खालचा कमी करावा! पुढच्या महिन्यात मी उजव्या पायानं अंगचोरपणे उडी मारली, ९१. डाव्यानं प्राण पणाला लावून ८३. मी मोबाइलवर भागाकार करून मोठ्यानं वाचला, ‘‘९१ टक्के!’’

तिनं वहीचं मागचं पान उघडलं. ‘‘काका, महिन्याभरात चांगला पाय १९ सेंटिमीटरनं म्हातारा झाला का?’’

मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो.

ती चिडली नाही, हे जास्त लागलं. म्हणाली, ‘‘तुम्ही मुद्दाम केलंत, बऱ्याच जणांचं आपोआप होतं. बसून बसून चांगला पायही ढिला पडतो, मग टक्के छान दिसतात. म्हणून मी नुसते टक्के बघतच नाही.’’ मग तिनं मला दोन पायऱ्यांच्या उंचीच्या खोक्यावरून उडी मारायला लावली आणि मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश गतीनं दाखवलं. उतरताना माझा डावा गुडघा, एसटीत शेजारच्याच्या खांद्यावर डुलकी घेणाऱ्या माणसासारखा, आत कलंडत होता. त्या दिवसापासून एकच जप सुरू झाला: दोन पायांवर उतरा, गुडघे मऊ, वाटी बोटांच्या रेषेत. जिना उतरताना, लिफ्टची वाट बघताना, देवापुढे वाकतानासुद्धा.

पुढचं भराभर झालं. आधी सरळ धावणं, मग वळणं, मग चेंडू घेऊन वळणं, मग समोर नुसता हात पसरून उभा राहिलेला माणूस, आणि शेवटी धक्का मारणारा माणूस. खऱ्या ११० वर डावा पाय १०२ गेला, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

परवा मेळावा होता. यंदा वीस मिनिटं वॉर्म-अप केला, एकट्यानंच. बाकीचे फोटो काढत होते. दहाव्या मिनिटाला सहा मीटरच्या रेषेशी चेंडू माझ्या हातात आला. समोर मोकळी जागा, गोलकीपर चुकलेला. मी मनात म्हणालो, दोन पायांवर. गुडघे मऊ. वाटी बोटांच्या रेषेत.

शिट्टी वाजली. पंच तीन बोटं दाखवत होते. तीन सेकंद होऊन गेले होते.