गाडीला जामीनदार कोण?

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका हॅचबॅकखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. एका पायात चप्पल आहे, दुसरी चप्पल ड्रेनेजच्या झाकणापाशी पडली आहे. कमरेपासून वरचे काका गाडीखाली आहेत. उशाशी मोबाइल, त्यात कुणीतरी ‘तो दोस्तों’ म्हणत ऑइल चेंबरचा नट दाखवतो आहे. गॅरेजवाल्याने ऑइल बदलायची मजुरी चारशे रुपये सांगितली, त्या क्षणापासून बी विंगमधले काका स्वावलंबी झाले आहेत.

गाडी डिकीतल्या जॅकवर उभी आहे. एकट्या जॅकवर.

“काका, खाली आधार काय दिलाय?” असं वॉचमनने विचारलं तर गाडीखालून दटावणी येते, “जॅक आहे ना!” हेच काका बँकेत कर्जविभागात होते, तेव्हा वीस हजारांच्या कर्जालाही दोन जामीनदार आणि त्यांच्या पगारपत्रकाची प्रत मागायचे. आता नऊ क्विंटलची गाडी छातीवर घेताना मात्र जामीनदाराचा रकाना कोरा आहे.

डिकीतला तो कैचीसारखा उघडणारा जॅक बिचारा प्रामाणिक आहे. त्याची नेमणूकच मुळी एका कामासाठी झाली आहे: रस्त्यात पंक्चर झालं की चाक काढायचं, स्टेपनी चढवायची, पुन्हा घडी होऊन डिकीत झोपायचं. गाडी जॅकवर असताना खाली शिरू नका, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण ते पुस्तक आरसी, पीयूसी आणि शोरूमवाल्याने दिलेल्या गणपतीच्या फोटोबरोबर समोरच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत असतं आणि गाडी विकेपर्यंत तिथेच राहतं. पुढच्या मालकाला ते कोरं करकरीत मिळतं.

आता थोडं वजनाचं बोलू. १९८३ साली आलेली मारुती ८०० साधारण साडेसहा क्विंटलची, म्हणजे पन्नास किलोच्या कांद्याच्या तेरा गोणी. आजच्या मध्यम हॅचबॅकच्या अठरा गोणी होतात आणि मोठ्या एसयूव्हीच्या तीसच्याही पुढे जातात. एक कोपरा निसटला तर सगळ्या गोण्या अंगावर येत नाहीत हे खरं, पण चार-पाच येतात. त्या छातीवर बसल्या की माणूस चिरडतोच असं नाही. बरगड्या फुलायला जागा उरत नाही, म्हणून श्वास घेता येत नाही, आणि श्वास नाही म्हणून हाकही मारता येत नाही. पुढचा हिशेब मिनिटांचा. तोवर वरच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या चालू असतात.

काकांचा मुलगा हुशार. त्याने ऑनलाइन हायड्रॉलिक जॅक मागवला आहे. त्यावर ‘२ टन’ असं ठळक लिहिलंय, आणि ते वाचल्यापासून घरात निर्धास्त वातावरण आहे. पण तो आकडा उचलण्याचा, तासभर तोलून धरण्याचा नव्हे. आत तेल असतं आणि ते अडवायला रबराची सील. सील म्हातारी झाली की तेल मागे सरकतं आणि गाडी हळूहळू खाली येते. सील फाटली किंवा सोडायचा व्हॉल्व्ह चुकून फिरला, तर ती हळूहळू येत नाही. कैचीच्या जॅकला तेलाची भानगड नसली तरी त्याचा तळ हाताच्या पंजाएवढा. खालून घट्ट बसलेल्या नटाला पान्याने आडवा झटका दिला की तो झटका गाडीलाही बसतो आणि जॅक कलतो. म्हणजे ज्या क्षणी काका सगळा जोर लावतात, नेमका तोच क्षण जॅकचा नाजूक.

जमिनीचीही साथ नसते. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक, आणि पाणी जावं म्हणून बिल्डरने दिलेला उतार (बिल्डरने दिलेल्या वचनांपैकी पाळलेलं हे एकच). जॅकच्या चिंचोळ्या पायाखाली ब्लॉक दबतो. जाड, रुंद फळी घातली तर भार पसरतो, पण फळी शोधायला गच्चीवर कोण जाणार? हँडब्रेक ओढला आहे, असं काका खालून सांगतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि उतारावर तेवढ्यावर विसंबणं बरं नाही. गाडी गिअरमध्ये टाकून मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायला हवे होते. दगड आहेत, पण ते तुळशीच्या कुंडीभोवती मांडले आहेत.

मग कुणीतरी विटा आणतं. वीट हे आपलं राष्ट्रीय उत्तर. भिंतीत चारही बाजूंनी दाबून बसलेली वीट वर्षानुवर्षं भार घेते. गाडीचा लोखंडी काठ एका रेघेत टेकला की तीच वीट कुठलीही पूर्वसूचना न देता फुटते, आणि पोकळ सिमेंट ब्लॉक त्याहून लवकर.

अमेरिकेत १९८२ साली जॉर्जिया राज्यातल्या लॉरेन्सविल गावात एक तरुण घरासमोर आपली जुनी शेव्हरले इम्पाला दुरुस्त करत होता. गाडी जॅकवरून घसरली आणि तो खाली अडकला. त्याच्या आईने हातांनी गाडी काही इंच उचलून धरली, शेजाऱ्यांनी जॅक पुन्हा लावून त्याला ओढून काढलं, तो वाचला. ‘हल्क’ रेखाटणारा जॅक किर्बी सांगायचा की मुलासाठी गाडी उचलणाऱ्या एका आईला पाहूनच त्याला तो राक्षस सुचला. हल्क मात्र १९६२ चा, म्हणजे ती आई वेगळी. बी विंगमधल्या काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, त्यामुळे सोसायटीने या उपायावर विसंबू नये.

ऑस्ट्रेलियात जॅक, स्टँड आणि गाडी चढवायचे रॅम्प या तिन्हींसाठी सक्तीची सुरक्षा मानकं आहेत. तिथली सरकारी ग्राहक यंत्रणा वर्षानुवर्षं एकच पालुपद आळवते की नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. घरी गाडी दुरुस्त करताना तिथे जे जीव गेले, त्यांत जवळपास सगळे पुरुष. बायका गाड्या दुरुस्त करत नाहीत असं नाही. बहुधा त्या आधी पुस्तक वाचतात.

जामीनदार म्हणजे जॅक स्टँड. लोखंडाची रुंद पायांची तिवई, आत दाते, त्यात अडकणारं खटकं. तेल नाही, सील नाही. दोन-तीन हजारांत जोडी मिळते, सीट कव्हरपेक्षा स्वस्त. गाडीच्या बाजूच्या काठाखाली जिथे खाच दिलेली असते तिथे ती लावायची, चेंबरखाली नव्हे. तीही निरखूनच घ्यावी. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट कंपनीने लाखो स्टँड परत बोलावले, कारण साचे झिजल्यामुळे खटकं दात्यांत नीट बसत नव्हतं. बदली दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला, आणि मग तेही परत बोलावले. जामीनदाराचीही चौकशी करावी लागते, हे काकांना बँकेने शिकवलंच होतं.

जुने टॅक्सीवाले आणखी एक गोष्ट करायचे: काढलेलं चाक किंवा स्टेपनी गाडीच्या काठाखाली आडवी सरकवून ठेवायचे. सगळं फसलं तरी गाडी चाकावर बसते, माणसावर नाही. (स्टेपनी हे नाव वेल्समधल्या लनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. १९०४ च्या सुमारास तिथे ही जादा चाकं बनू लागली.) या उपायाला एक पैसा लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

खंडेनवमीला याच काकांनी पाना, पक्कड आणि जॅक पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं होतं. जॅकच्या हँडलवर ते अजून आहे.

तेव्हा येत्या रविवारी तुमच्या पार्किंगमध्ये असे दोन पाय दिसले, तर गाडीला हात लावू नका, टेकूही नका. आधी काकांना बाहेर बोलवा. मग स्टँड लावून, बंपरला धरून गाडी दोघांनी मिळून जोरात हलवून बघा. जरा जरी डुगडुगली, तर ती खाली उतरवा आणि गॅरेजवाल्याला फोन करा. चारशे म्हणतोय, साडेतीनशेला येईल.