चिमटीतला कॅमेरा

कॅमेरा घेताना माणूस सगळं बघतो. सेन्सर केवढा, भिंग किती उजळ, झूम कुठवर जातो, एका चार्जिंगमध्ये किती फोटो निघतात. दुकानदाराची उलटतपासणी घेतो, घरी येऊन पुन्हा दहा जणांना विचारतो. आपला हात तेवढा कुणी बघत नाही. हात काय, जन्मापासून आहे, जमवून घेईल, असं गृहीत धरलेलं असतं.

छोट्या कॅमेऱ्यांना हे गृहीत धरणं मान्य नसतं. ते हातासाठी नव्हे तर खिशासाठी जन्माला आलेले असतात. 2012 साली सोनीचा आरएक्स100 आला तेव्हा फोटोवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि ते रास्तच होतं. इतक्याशा देहात 2 कोटी पिक्सेलचा मोठा सेन्सर, एफ 1.8 चं भिंग, जाडी साधारण 36 मिलिमीटर आणि बॅटरी-कार्डासकट वजन 240 ग्रॅम. पुढची बाजू सपाट आणि तुकतुकीत. देखणेपणात कुठे उंचवटा म्हणून नाही. पुढे सोनीनंच या मालिकेसाठी समोर चिकटवायची वेगळी ग्रिप विकायला काढली, यात सगळं आलं.

माझा कॅमेरा याच कुळातला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही, माझ्या तळहाताच्या घामाचा आहे. डिसेंबरात तो कॅमेरा हातात सज्जनासारखा बसतो. एप्रिल लागला की तेल लावलेला पैलवान होतो. आखाड्यात निदान अंगाला माती चोळायची सोय असते. इथे माती भिंगात जाते.

बरं, घट्ट धरावा तर धरायचा कुठे? मागे सगळा पडदा. उरलेल्या बोटभर जागेत कंपनीनं चार बटणं, एक चकती आणि व्हिडिओचं लाल बटण बसवलंय. अंगठा ठेवायला जागा एकच, आणि तीच लाल बटणाच्या शेजारी. त्यामुळे माझ्या कार्डावर बऱ्याच चित्रफिती आहेत ज्या मी काढलेल्या नाहीत. एकीत मी भाजीवालीशी तोंडलीच्या भावावरून हुज्जत घालताना स्पष्ट ऐकू येतो. चित्र मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या पँटच्या शिवणीचं आहे. मुलीचं म्हणणं, ‘बाबांच्या सगळ्या कामात एवढ्या एकाच कामाला दिग्दर्शन आहे.’

आता कुणी म्हणेल, इतकं काय त्यात, फोटो तर निघतो ना? निघतो, पण हललेला. हलक्या कॅमेऱ्याला जडत्व कमी. त्यातून शटरचं बटण उजव्या टोकाला. तर्जनीनं ते दाबलं की ती बाजू किंचित खाली जाते आणि अख्खा कॅमेरा फिरतो. जुन्या छायाचित्रकारांचा ठोकताळा असा, की भिंगाची फोकल लेन्थ पन्नास असेल तर शटर निदान 1/50 सेकंद तरी ठेवा, त्याहून संथ नको. हा ठोकताळा धरता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी होता. आताच्या भिंगात स्थिरीकरण असतं, ते बारीक थरथर सावरून घेतं. पण चिमटीतून निसटलेला कॅमेरा फरशीवर पोहोचेपर्यंत त्याला सावरणारं तंत्रज्ञान अजून निघायचं आहे.

मी इतिहासातही डोकावलो, कारण न जमणाऱ्या कामाचा इतिहास वाचला की ते काम चालू असल्यासारखं वाटतं. ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता. त्या काळचे जड कॅमेरे घेऊन डोंगर चढणं त्याला झेपेना, म्हणून त्यानं छोटा कॅमेरा घडवला. तोच 1925 मध्ये लायका म्हणून बाजारात आला. त्याला समोर ग्रिप नव्हती. दोन्ही कडांना गोलाई आणि अंगावर खरखरीत व्हल्कनाइटचं आवरण, एवढ्यावर लोकांनी विसाव्या शतकाचे फोटो काढले. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ तर आपल्या लायकाच्या चकाकणाऱ्या भागांवर काळी चिकटपट्टी लावत. लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणून, पकडीसाठी नव्हे. पण कॅमेऱ्याला घरी काहीतरी चिकटवण्याची परंपरा किती थोर आहे हे बायकोला सांगायला हा दाखला बरा पडला. ती म्हणाली, “ते फ्रान्समध्ये. इथे आधी गीझरची वायर चिकटवा.”

मोठ्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी. 1986 मध्ये कॅननचा टी90 आला. त्याच्या घडणीत लुइजी कोलानी या डिझायनरचा वाटा होता. उजवीकडे हाताच्या मुठीत आपसूक बसणारी अशी गोलाई त्याला होती, की पुढचे बहुतेक मोठे कॅमेरे त्याच वळणावर गेले. त्या फुगवट्यात बॅटरीचीही सोय होते. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी मुळात चपटी, तिच्यासाठी फुगवटा काढायचा कुणी? अपवाद रिकोच्या जीआर मालिकेचा. समोर जेमतेम दिसेल न दिसेल असा उंचवटा, त्यावर खरखरीत आवरण, आणि कॅमेरा एका हातात निवांत राहतो. छायाचित्रकार दाइदो मोरियामा तोकियोच्या गल्ल्यांतून तो घेऊन वर्षानुवर्षं हिंडले. रिकोला हे सुचलं, म्हणजे गोष्ट अशक्य नव्हती, हे कळल्यावर माझं दुःख आणखी वाढलं. कॅमेरा बदलायचं नाव काढायची घरात सोय नव्हती. तेव्हा उंचवटा विकत आणायचा.

मुंबईत सीएसएमटीसमोर बोरा बाजार आहे. कॅमेऱ्याचं जे काही असतं ते तिथे मिळतं, जे नसतं त्याच्याबद्दल मत मिळतं. दुकानदारानं कॅमेरा न बघता म्हटलं, “हात दाखवा.” मी दाखवला. त्यानं उलटा केला, सुलटा केला, करंगळी मोजली. मी परदेशगमनाचं विचारणार होतो, तेवढ्यात त्यानं काचेवर माल मांडला.

पहिली तळाला बसणारी. कॅमेऱ्याच्या पोटाला तिपाईसाठी जे भोक असतं त्यात तिचा स्क्रू जातो. हे भोक जगभर सारखंच, पाव इंच व्यास आणि इंचाला वीस आटे. मानवजातीचं ज्या मोजक्या गोष्टींवर एकमत झालंय त्यांतली ही एक. ग्रिप मजबूत, पकड उत्तम, फक्त बॅटरीचं झाकण तिच्याखाली जातं. बॅटरी बदलायची तर स्क्रू सोडवा, आणि त्यासाठी खाचेत नाणं घालून फिरवा. आता खिशात नाणं कुणाच्या असतं? सगळं क्यूआर कोडवर चालतं, आणि क्यूआर कोडनं स्क्रू फिरत नाही.

दुसरी अंगठ्यासाठी. वर फ्लॅश बसवायच्या खाचेत सरकवायची आणि मागे तिच्या बाकाला अंगठा टेकवायचा. ही मला फार आवडली. माझ्या कॅमेऱ्याला ती खाचच नाही. दुकानदार म्हणाला, “पुढच्या वेळी खाचवाला घ्या.” लग्नं ठरवणारे लोक यापेक्षा नाजूकपणे बोलतात.

तिसरी चामड्याचं अर्धं कवच. कॅमेऱ्याला इतकं भारदस्त रूप येतं की तो खिशातून काढायला आपण नम्रतेनं वाकतो. खिशात मात्र जात नाही. चौथा मनगटातला पट्टा. तो कॅमेरा पडू देत नाही, पण धरूही देत नाही. फक्त लोंबकळायची हमी देतो.

पाचवी, समोर चिकटवायची. यांत दोन जाती. एक रबराची पातळ, दुसरी अॅल्युमिनिअमची कातलेली. दोन्हींच्या पाठीला 3एम कंपनीची व्हीएचबी जातीची टेप. इमारतींच्या बाहेरची पत्र्याची पॅनेलं जिनं चिकटवतात तीच ही जात. ती लावण्याआधी जागा अल्कोहोलनं पुसायची, नेमकी बसवायची, दाबायची, आणि मग पूर्ण ताकद यायला 72 तास थांबायचं. शिवाय सात-आठ मिलिमीटर जाडी वाढते. ज्या सपाटपणासाठी एवढे पैसे मोजले, तो घालवायला वर आणखी पैसे. खिशात बसेल तो हातात बसणार नाही आणि हातात बसेल तो खिशात जाणार नाही. या दोहोंच्या मधल्या सात मिलिमीटरवर किती लोकांची घरं चालतात याचा मला त्या काचेपुढे प्रथमच अंदाज आला.

मी विचार करून सांगतो म्हणून पुण्याला परतलो. इथे नाना आले.

नाना शेजारी राहतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून सगळी नोकरी केली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर आयुष्य काढलेल्या माणसाला ‘साधारण बसते’ हे शब्द सहन होत नाहीत. बोरा बाजाराची हकिकत ऐकून ते म्हणाले, “कुणाच्या तरी हाताची ग्रिप तुम्ही तुमच्या कॅमेऱ्याला लावणार? चष्मा लावाल का दुसऱ्याचा?” मग त्यांनी आपली पद्धत सांगितली. कॅमेरा प्लास्टिकच्या कागदात गुंडाळायचा. त्यावर कणकेचा घट्ट गोळा थापायचा. मी माझ्या सवयीप्रमाणे कॅमेरा धरायचा. कणकेत बोटांचे जे खळगे उठतील त्यांची मापं घ्यायची आणि तीच ग्रिप एम-सीलमध्ये घडवायची.

“वहिनी, कणीक आहे का मळलेली?”

“आहे की. किती माणसं आहेत?”

“माणूस एकच. पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी.”

पुढचा तास माझ्या आयुष्यातला अत्यंत अवघडलेला तास होता. सहज धरा असं कुणी व्हर्निअर कॅलिपर घेऊन समोर बसून सांगितलं की जगातला कोणताही माणूस कोणतीही वस्तू सहज धरू शकत नाही. माझं मधलं बोट कुठे असतं हे मला आठवेना. करंगळी तर मी वापरतच नाही, ती तळाला दुमडून बसते, हा शोध नानांना लागला. “एक बोट फुकट पोसताय,” ते म्हणाले. शेवटी गोळ्यात तीन खोल खळगे आणि एक उथळ असे उठले. मागे अंगठ्याची बैठक तयार झाली. खरं सांगतो, त्या कणकेसकट तो कॅमेरा हातात इतका सुरेख बसला की मी तसाच बाल्कनीत जाऊन समोरच्या गुलमोहराचा फोटो काढला. भिंगावर प्लास्टिक होतं म्हणून तो धुकट आला, पण हललेला नव्हता.

नानांनी जाडी मोजली. चोवीस मिलिमीटर. “हे खिशात कसं जाणार?” मी विचारलं.

“खिसा शिंप्याचं काम. ते माझ्याकडे आणू नका.”

तेवढ्यात त्यांना घरून हाक आली, वही-पेन्सिल आणतो म्हणून गेले आणि मीही त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो. परत येऊन पाहतो तर कॅमेरा प्लास्टिकसकट ओट्यावर उघडा पडलेला, आणि तव्यावर पोळी फुगलेली. “झाकण न ठेवता सोडलात तर वाळणार नाही का कणीक?” बायको म्हणाली. “पानं घेतलीत, बसा जेवायला.” माझ्या उजव्या हाताचं एकमेव अचूक माप मी तूप लावून खाल्लं. नाना वही घेऊन आले तेव्हा त्यांनाही अर्धी वाढली.

मग रबराची पातळ पट्टीच मागवली. सात-आठ मिलिमीटरमधली सर्वांत नम्र. अल्कोहोलनं पुसून, नानांच्या देखरेखीखाली, गुण्या लावून काटकोनात बसवली. कॅमेरा उताणा करून टेबलावर ठेवला आणि 72 तास त्याला कुणी हात लावू नये असं घरात जाहीर केलं.

त्याच मुदतीत बायकोच्या भिशीमंडळाची गणपतीपुळ्याची सहल निघाली. जाहीर केलेल्या गोष्टी आमच्या घरात मलाच ऐकू येतात. कॅमेरा गेला. मी दोन रात्री टेपच्या चिकटपणाची चिंता करत काढल्या.

परत आल्यावर फोटो टीव्हीला लावून पाहिले. समुद्र आडवा, क्षितिज सरळ, ओल्या वाळूत देवळाच्या शिखराचं प्रतिबिंब, संध्याकाळच्या अंधुक उजेडात बारा बायका आणि बाराही जणींच्या साडीचे काठ मोजता येतील इतके स्वच्छ. एकही हललेला नाही. मी म्हटलं, पट्टी गुणाची निघाली. मग तिनं धरून दाखवलं. डावा तळवा कॅमेऱ्याच्या पोटाखाली, उजव्या हातानं बाजूला नुसता आधार, दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली, बटण हळूच दाबलेलं, श्वास रोखलेला. छायाचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या प्रकरणात असते ती पद्धत. तिनं पुस्तक वाचलेलं नाही. “पडला तर तुम्ही काय बोलाल या भीतीनं दोन्ही हातांनी धरला,” ती म्हणाली. “आणि अहो, समोर ते काय चिकटवलंय ते काढून टाका. पर्सच्या आतल्या कप्प्यात जात नाही.”

व्हीएचबी टेप उचकटून काढायची नसते, त्यानं पट्टीखालचा रंग निघू शकतो. ती कापायची असते. मजबूत बारीक दोरा फटीत घालायचा आणि मागे-पुढे ओढत न्यायचा. लोक त्यासाठी दातांचा फ्लॉस वापरतात. आमच्याकडे दात काडीनं कोरतात. नानांना विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. नातवाचा संक्रांतीचा मांजा आहे म्हणाले, सुती, नायलॉनचा नव्हे, पोलिसांची भीती नाही. आत्ता ते फिरकी घेऊन दारात उभे आहेत. दोन्ही तर्जनींना त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली आहे.

“तुम्हाला काही करायचं नाही,” ते मला म्हणताहेत, “मी ओढतो. तुम्ही फक्त कॅमेरा घट्ट धरा.”