तळ्याला मुहूर्त

(पोलादपूरच्या एसटी स्थानकासमोरचं चहाचं दुकान. शिमगा आटोपून मुंबईला निघालेला चाकरमानी, त्याला गाडीत बसवायला आलेले काका आणि कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले एक निवृत्त फौजी. गाडी अर्ध्या तासापासून ‘येतेच आहे’.)

चाकरमानी : काका, यंदा काश्मीरला ट्रेक करायचाय. विशनसर, किशनसर, गंगाबल, सगळी डोंगरावरची तळी. सोनमर्गहून निघायचं, सात-आठ दिवस चालायचं आणि नारानागला उतरायचं.

काका : चालायचं आपण, आणि वर पैसेही आपणच द्यायचे?

चाकरमानी : हो.

काका : मग मेमध्ये वाडीवर ये. विहिरीपासून घरापर्यंत फुकट चालवतो. डोक्यावर हंडाही देतो.

चाकरमानी : मे महिनाच धरलाय मी. पोरांना सुट्टी असते.

फौजी : (वर्तमानपत्राआडून) मेमध्ये तळं दिसायचं नाही.

चाकरमानी : आपण?

काका : हे फौजी आंबवड्याचे. घरटी एक माणूस लष्करात, असं ते गाव. काश्मीरचं बोलणं चाललंय, जरा सरळ बस.

फौजी : मेमध्ये तिथल्या खिंडी बर्फानं बुजलेल्या असतात. गडसरची खिंड साडेतेरा हजार फुटांच्या वर आहे. जुलै उजाडल्याशिवाय वाट मोकळी होत नाही, आणि सप्टेंबर अर्धा सरला की पुन्हा बर्फाचा भरवसा नाही. हंगाम काय तो एवढाच.

चाकरमानी : पण जुलैत पाऊस असणार ना?

फौजी : पीर पंजालची रांग अडवते त्याला. आपला आंबेनळी घाट चढून बघ. इकडे धो धो, महाबळेश्वरात तर हात दिसत नाही, आणि पसरणी घाट उतरून वाईत गेलास की छत्री मिटता येते. काश्मीरचं खोरं म्हणजे वाईची बाजू. उत्तराखंडात मात्र जुलैत जाऊ नकोस, तिथं दरडी कोसळतात.

चाकरमानी : ठरलं तर! जुलै.

काका : जुलैत लावणी आहे.

चाकरमानी : काका, मी अंधेरीला राहतो.

काका : आवण अंधेरीला वाढत नाही ना! मजुरीला माणूस मिळत नाही. तू दोन दिवस येतोस, त्यातला एक चिखलात फोटो काढण्यात घालवतोस, हे कबूल. पण दुसऱ्या दिवशी चार मुठी लावतोस.

चाकरमानी : मग तळी बघायला काश्मीर कशाला? जुलैत महाडच्या बाजारपेठेतच तळं असतं.

काका : ही थट्टा इथं केलीस ती केलीस, महाडात करू नको. 22 जुलै 2021 ला ज्यांची दुकानं बुडाली, ते तुला चहा पाजणार नाहीत.

चाकरमानी : चुकलं. ऑगस्टअखेर जाऊ?

काका : गणपती.

चाकरमानी : सप्टेंबर?

काका : गौरी. मग पितर.

चाकरमानी : ऑक्टोबर?

काका : कापणी.

फौजी : आणि तिकडे बर्फ.

चाकरमानी : जानेवारी!

काका : जानेवारीत खुशाल जा. आमचं काही अडत नाही.

फौजी : जा की. गोठलेल्या तळ्यावर उभा राहून तळं कुठंय म्हणून विचारशील.

चाकरमानी : म्हणजे कोकणातल्या माणसानं तळं बघूच नये?

काका : रायगडावर गंगासागर आहे की. दिवाळीनंतर जा. तळं भरलेलं, हवा कोरडी, लांबवर डोंगर दिसतात.

चाकरमानी : बघितलाय. रोपवेनं गेलो होतो.

फौजी : (वर्तमानपत्राची घडी घालत) रोपवेनं? सत्तावीसशे फुटांचा गड, तोही पाळण्यातून? आणि साडेतेरा हजारांवर दम कोण पुरवणार, अंधेरीची लिफ्ट? तीन हजार मीटरच्या वर मुक्काम रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही. डोकं दुखलं, मळमळलं की तिथंच थांबायचं. त्रास वाढला तर मुकाट्यानं खाली यायचं, पैसे भरलेत म्हणून वर नाही. तिथं मोठमोठे गडी आडवे झालेले पाहिलेत मी.

काका : आधी चित दरवाजाकडून पायऱ्यांनी रायगड चढ. एप्रिलमध्ये, भल्या पहाटे. 6 जूनला नको, राज्याभिषेक दिनाला पाय ठेवायला जागा नसते. जुलैत तर नाहीच. 2024 च्या जुलैत पायऱ्यांवरून ओढा उतरला, माणसं अडकली, गड बंद करावा लागला.

चाकरमानी : सराव करीन हो. पण जाऊ कधी?

काका : (उठून भिंतीवरचं कालनिर्णय उलटत) थांब. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे गणपती लांबले. हे बघ, 14 सप्टेंबर! गेल्या साली 27 ऑगस्टलाच आले होते.

फौजी : आणि लावणी?

काका : पाऊस वेळेवर आला तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उरकते.

फौजी : मग पंधरा ऑगस्टच्या आसपास निघ. खिंडी मोकळ्या, ओढ्यांचं पाणी ओसरलेलं, फुलंही असतात.

चाकरमानी : 28 ला राखीपौर्णिमा आहे.

काका : तोवर परत येशील. नाहीतर बहिणीशी तू बघ, त्यात मी पडत नाही.

चाकरमानी : सुट्टी नाही मिळाली तर? पुढच्या वर्षी जाईन.

काका : 2027 ला गणपती 4 सप्टेंबरला. 2028 ला ऑगस्टातच. पुढचा अधिक महिना थेट 2029 ला. जायचं तर यंदाच जा, आणि सुट्टीचा अर्ज आजच टाक.