ऐकू येतंय, बोलता येत नाही

माणसाचं आधी ऐकणं बिघडतं. बोलणं शेवटपर्यंत ठणठणीत असतं. जुन्या वायरलेस सेटचं नेमकं उलटं. त्यातला रिसीव्हर पन्नास-साठ वर्षं निमूटपणे ऐकत राहतो आणि सारखी आजारी पडते ती बोलण्याची बाजू, म्हणजे ट्रान्समीटर. बोलायला लागतंही फार: सहाशे व्होल्ट, तापलेला व्हॉल्व्ह, धड अँटेना, ओली अर्थिंग आणि परीक्षा देऊन मिळवलेला केंद्र सरकारचा परवाना. यातला फक्त परवाना गंजत नाही.

माझा ट्रान्समीटर ८०७ व्हॉल्व्हचा, घरी बांधलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचं सामान भंगारात निघालं, त्यात हे व्हॉल्व्ह भरपूर होते आणि जगभरच्या हौशी रेडिओवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, त्यांच्यावर आपापले ट्रान्समीटर उभारले. हा व्हॉल्व्ह प्लेटचं कनेक्शन थेट डोक्यावरच्या धातूच्या टोपीत घेतो. ती टोपी मान देण्यासारखी आहे; हात लावण्यासारखी नाही.

सेट गप्प झाला की हॅम मित्र जमतात. बिघाड आपल्या इभ्रतीला साजेसा असावा असं प्रत्येकाला वाटत असतं. त्यामुळे एकजण व्हॉल्व्हवर संशय घेतो, दुसरा ऑसिलेटरच्या क्रिस्टलवर, तिसरा थेट आयनोस्फिअरवर. सर्वांत ज्येष्ठ नाना तेवढे विचारतात, "प्लग नीट बसलाय का?" या प्रश्नाचा सगळ्यांना राग येतो, कारण उत्तर बऱ्याचदा 'नाही' असतं.

सेट उघडायचा तर नानांचे नियम कडक. प्लग काढायचा, मग दांडीला बांधलेल्या, अर्थ केलेल्या तारेने फिल्टरचे कंडेन्सर रिकामे करायचे. सेट बंद केला तरी त्यांच्यात भार उरतो, आणि त्यांचा 'टण्ण' आवाज आला की चहा घेऊन आलेली सौभाग्यवती दारातूनच परत फिरते. चालू सेटवर मोजमाप करताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट या हातातून त्या हातात जाताना वाटेत हृदयाला भेट देणार नाही. मी घरी लुंगी नेसतो. लुंगीला खिसा नसतो, म्हणून मी डावा हात पाठीमागे घेऊन पूरग्रस्त भागाच्या पाहणीला आलेल्या मंत्र्यासारखा उभा राहतो.

मग रंगपरीक्षा. व्हॉल्व्हच्या काचेवर फिकट निळी झाक दिसली तर घाबरायचं कारण नसतं. आतल्या पत्र्यांच्या मधल्या जागेत जांभळट उजेड दिसला तर आत हवा शिरली. प्लेट लाल झाली तर ट्यूनिंग चुकलंय किंवा बायस गेलाय, ताबडतोब स्विच बंद. अँटेनाच्या जागी साधा बल्ब लावायचा आणि माईकवर "हॅलो" म्हणायचं. मॉड्युलेशन ठीक असेल तर प्रत्येक 'हॅलो'ला बल्ब उजळतो. माझ्या बोलण्याने घरात प्रकाश पडतो तो एवढाच.

पण सगळ्यात इरसाल बिघाड म्हणजे झाकण काढलं की बरा होणारा. झाकण लावून पाच मिनिटं बोलावं की आवाज गायब. झाकण काढून चौघे आत डोकावले की सेट खणखणीत. कारण साधं असतं. एखादा टाका कच्चा असतो. सेट तापला की धातू प्रसरण पावतो आणि टाका सुटतो, झाकण काढलं की गार होऊन परत चिकटतो. नानांनी विणायची प्लॅस्टिकची सुई मागवली आणि एकेक टाका हळूच ठोकत गेले. ड्रायव्हर स्टेजच्या एका टाक्याला सुई लागली आणि मीटरचा काटा दचकला. सोल्डरिंग आयर्न टेकवलं, टाका चकचकीत झाला. साऱ्या संशोधनाचा खर्च शेंगदाण्याएवढं शिसं. क्रिस्टलवाले आणि आयनोस्फिअरवाले काहीसे हिरमुसले.

आता ४० मीटर बँडवर जाऊन बंगळुरूच्या कुणाकडून तरी रिपोर्ट घ्यायचा होता: आवाज स्वच्छ आहे का, मागे फिल्टरचा भुंगा घुमतोय का? मी मोठ्याने कॉलसाइन सांगत होतो, एवढ्यात बेल वाजली. दारात सोसायटीच्या भजनी मंडळाच्या जोशीकाकू.

"अहो, ऐन गजरात आमच्या स्पीकरमधून तुमचं हॅलो-हॅलो येतंय!"

"काकू, स्पष्ट येतंय का?"

"अगदी शब्द न् शब्द."

"मागे भुंगा?"

"भुंगा नाही. पण बेसूर आहे."

बंगळुरूची वाट न बघता मी लॉगबुकात लिहिलं: रिपोर्ट उत्तम, अंतर एक मजला.