उपसर्ग झाला, प्रत्यय आला

फोर्टच्या पदपथावर किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांचा ढीग उपसला की एक पुस्तक हमखास हाताला लागतं. नॉर्मन लुईस यांचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. १९४९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक आपल्याकडच्या बँक-परीक्षावाल्यांनी आणि एमपीएससीवाल्यांनी दत्तकच घेतलंय. जुनी प्रत चाळून बघा. सुरुवातीची पानं पेन्सिलीनं रंगलेली असतात आणि पुढची कोरी करकरीत. इंग्रजीचा निश्चय कुठपर्यंत टिकला, त्याची नोंद मूळ मालकानं विकताना खोडायची राहून गेलेली असते.

पण त्या रंगलेल्या पानांतही माल भरपूर आहे. लुईससाहेब शब्दांची घोकंपट्टी करायला लावत नाहीत, मुळाला हात घालायला लावतात. ‘मिस’ म्हणजे द्वेष. मग माणसांचा द्वेष करणारा मिसॅन्थ्रोप, स्त्रियांचा करणारा मिसॉजिनिस्ट आणि लग्नाचा करणारा मिसॉगमिस्ट. तिन्ही शब्दांना आपल्याच नात्यात लायक उमेदवार सापडत असल्यामुळे ते चटकन पाठ होतात. ‘साखर जरा कमी घाला’ एवढं इंग्रजीत सांगताना अडखळणारा पुतण्या अविवाहित काकांना बिनचूक मिसॉगमिस्ट ठरवून मोकळा होतो.

या पद्धतीची खरी चव कळते ती ‘जेक्ट’ घराण्यात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फेकणं. आत फेकलं की इंजेक्ट, परत फेकलं की रिजेक्ट, बाहेर फेकलं की इजेक्ट. समोर आडवं टाकलं की ऑब्जेक्शन, आणि त्यावर वकिलांची घरं चालतात. सब्जेक्ट म्हणजे खाली टाकलेला. शाळेत विषय शिकवतात तेव्हा खाली नक्की कोण टाकलं जातं, हे दहावीचं कुठलंही पोर सांगेल. आणि प्रोजेक्ट म्हणजे पुढे फेकलेली वस्तू! सरकारी उड्डाणपूल वर्षानुवर्षं पुढे का ढकलला जातो, याचा उलगडा मला कंत्राटदाराकडून झाला नाही, तो लॅटिननं केला.

आपल्याला हे नवलाचं वाटायला नको होतं. संस्कृतात ‘हृ’ हा एकच धातू घ्या, त्यातून आहार निघतो, विहार निघतो, प्रहार निघतो आणि संहारही निघतो. प्र, परा, अप, सम् अशी बावीस उपसर्गांची फौज आहे आणि जुने वैयाकरणी सांगून गेलेत की उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं भलतीकडे ओढून नेतो. एका मात्रेत काय होतं बघा. फराळाला ‘उपाहार’ म्हणतात आणि ‘उपहार’ म्हणजे नजराणा. त्यामुळे ‘उपहारगृह’ अशी पाटी लावलेल्या हॉटेलात मिसळीचे पैसे मागितले की मला थोडं वाईट वाटतं. मराठीनं तर उपसर्ग या शब्दालाच पीडेचा अर्थ देऊन ठेवलाय. व्याकरणाच्या तासाला तो प्र-परांचा होतो, संध्याकाळी डासांचा.

इंग्रजीतला उपसर्ग किती पीडा देऊ शकतो, ते घाटात टँकरमागे अडकल्यावर कळतं. टँकरच्या पाठीवर लालभडक अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. आता करेक्टचा उलटा इनकरेक्ट, व्हिजिबलचा उलटा इनव्हिजिबल, एवढं शिकलेला माणूस काय समजेल? की हा टँकर अतिशय न पेटणारा आहे. प्रत्यक्षात इथला ‘इन’ नकाराचा नाहीच, तो ‘आत’वाला आहे. आत ज्वाळा धरणारा, म्हणून इन्फ्लेमेबल. हा घोळ खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांच्याही जिवावर बेतेल, या धास्तीनं अमेरिकेतल्या अग्निसुरक्षावाल्यांनी १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ हाच शब्द वापरा म्हणून आग्रह धरला. म्हणजे उपसर्ग काढला तरी अर्थ जागच्या जागी. आपल्या टँकरांवर मात्र बहुधा जुनाच शब्द आहे. त्याच्याखाली ‘ज्वलनशील’ही लिहिलेलं असतं, ही मराठीची मेहेरबानी.

शब्दांचं कुटुंब म्हटलं की भाऊबंदकी आलीच. आडनाव एक आणि बोलणं बंद. व्हॅल्युएबल आणि इनव्हॅल्युएबल दिसायला हाडवैरी, पण दोघंही मौल्यवानच. फेमस आणि इन्फेमस यांच्यात मात्र खरोखर फाटलेलं. काही घरांत तर वडीलधारं माणूसच गेलेलं. रूथलेस लोक जागोजागी भेटतात, पण ज्याच्या अंगी ‘रूथ’ आहे असा कुणी सापडत नाही. ‘रूथ’ म्हणजे दया, ती कधीच वारली. अनकेम्प्ट म्हणजे न विंचरलेला, पण विंचरलेल्याला केम्प्ट सहसा कुणी म्हणत नाही. डिसग्रंटल्ड माणसं प्रत्येक ऑफिसात असतात, ग्रंटल्ड एकही नाही. तो पी. जी. वुडहाउस यांनी १९३८ साली एका कादंबरीत विनोदासाठी वापरला.

आपल्याकडे तरी काय वेगळं? अचाट माणसं आहेत, ‘चाट’ माणूस दाखवा. ‘अजागळ’मधला ‘अ’ काढून एखाद्या टापटिपीच्या गृहस्थाला ‘जागळ’ म्हणता येत नाही, कारण तो ‘अ’ नकाराचा नसून अजेचा, म्हणजे शेळीचा आहे. शेळीच्या गळ्याला लोंबणाऱ्या निरुपयोगी आचळांवरून तो शब्द आला. शेळीला विचारलं असतं तर तिनं ऑब्जेक्शन घेतलं असतं.

इतके धोके असूनही ही पद्धत मला आवडते, कारण तिच्या बळावर आपल्या लोकांनी इंग्रजांनाच एक शब्द वापरून दाखवला. पोस्ट म्हणजे नंतर, पोन म्हणजे ठेवणं, म्हणून पोस्टपोन. मग मीटिंग अलीकडे घेतली तर? अर्थात प्रीपोन. तर्कात कुठे बोट ठेवायला जागा नाही. इंग्रज यासाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणतात, म्हणजे तारीख मागे आणायची आणि म्हणायचं पुढे. बरीच वर्षं प्रीपोनला हसून झालं, आता तो ऑक्सफर्डच्या कोशात मानानं बसलाय.

मात्र प्रत्यय काय करू शकतो, ते बघायचं तर एसटी स्टँडवर जावं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये भाडं देईल त्या कुणालाही घेणारी घोडागाडी निघाली, तिला म्हणू लागले ऑम्निबस. लॅटिनमध्ये ‘ऑम्नी’ म्हणजे सर्व आणि ‘बस’ हा नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आपल्या स-ला-ना-ते मधला ‘ना’ म्हणा. ऑम्निबस म्हणजे सर्वांना. पुढे घाईच्या लोकांनी शब्दाचं धड टाकून दिलं आणि शेपूट ठेवलं. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली, ती व्याकरणाच्या हिशेबानं निव्वळ एक विभक्तिप्रत्यय होती. आपण मात्र बस म्हणजे बसायचं वाहन समजतो आणि त्यातून उभ्यानं प्रवास करतो. दिवाळीच्या आदल्या रात्री स्वारगेटला गेलात तर ही व्युत्पत्ती डोळ्यांदेखत घडताना दिसेल. ‘सर्वां’ सामानसुमानासकट फलाटावर राहतात आणि ‘ना’ दार लावून निघून जाते.