बॅटरीची खडीसाखर

गेल्या मे महिन्यात दीड महिन्यासाठी कोकणात निघालो. रिक्षा दारात उभी, आणि आमचे नाना पुन्हा जिना चढून मेन स्विच पाडायला गेले. "घरात माणूस नाही, मग वीज कुणासाठी?" प्रश्न बिनतोड होता.

मेन पडल्याबरोबर इन्व्हर्टरला वाटलं, लाइट गेली. देवाजवळचा झिरोचा बल्ब आणि वायफायचा डबा त्याने दोनेक दिवस इमानेइतबारे चालवला आणि मान टाकली. पुढे सहा आठवडे १५० अँपिअर-अवरची ती बॅटरी उपाशीपोटी पडून.

परतल्यावर पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा पंखा सात मिनिटं फिरला. नाना चकित. "वापरलीच नाही, तर खराब कशी झाली?"

बॅटरीवाल्याने सहाही बुचं काढली, हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबून अ‍ॅसिड ओढलं. भरलेल्या बॅटरीत अ‍ॅसिडची सापेक्ष घनता १.२४ च्या आसपास हवी, इथे १.१२. "प्लेटांवर सल्फेट धरलंय," तो म्हणाला.

प्रकार असा, की बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं आणि अ‍ॅसिड पाण्यासारखं पातळ होतं. हे रोजचंच. ताजं सल्फेट पिठीसाखरेसारखं बारीक असतं, चार्जिंगला लावलं की विरघळतं. पण तसंच पडू दिलं, तर त्याची खडीसाखर होते. मोठे, टणक खडे. त्यांतून वीज धड जात नाही, आणि तेवढी प्लेट कामातून जाते. १८५९ साली गास्ताँ प्लाँते या फ्रेंच माणसाने ही बॅटरी बनवली, तेव्हा त्याच्या घरी कुणी नाना नसावेत.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी एप्सम सॉल्ट टाकायला सुचवलं. बॅटरीवाला म्हणाला, "काका, ते जुलाबाचं. त्याने पोट साफ होतं, प्लेटा नाही." खडीसाखर चावायची नाही, चघळायची. डिस्टिल्ड वॉटर भरून त्याने चार-पाच अँपिअरवर तीन दिवस हळूहळू चार्जिंग लावलं. जास्त करंट दिला तर बॅटरी तापते, प्लेटांवरचा माल झडतो. शेवटी बुडबुडे आले. खाली बसलेलं जड अ‍ॅसिड त्यांनी ढवळलं जातं. त्या बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या आणि उदबत्ती बंद. नाना तासातासाला जाऊन यायचे. बॅटरीकडे नव्हे, मीटरकडे.

पाच सेल १.२३ वर आले, सहावा १.१८ वर अडला. पूर्वी पंखे-दिवे मिळून पाच तास निघायचे, आता तीन. जे झडून तळाशी गाळ झालं, ते परत प्लेटेवर चढत नाही.

यंदा निघताना मेनला हात लावणार नाही, असं नानांनी कबूल केलं आणि पाळलंही. रिक्षा वळली तशी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी काचेचं किणकिणलं. देवाजवळचा झिरोचा बल्ब होता.